सोयीचा कोपरा : डोर्नकलच्या बिशपांचं प्रकरण

मुंबईहून भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्स्प्रेस पुणे, सोलापूर, सिकंदराबाद करत वरंगळ सोडते आणि खम्ममकडे निघते, तेव्हा वाटेत डोर्नकल नावाचं जंक्शन लागतं. जंक्शन झालं ते कोळशामुळे. निजामाच्या रेल्वेने सिंगरेणीच्या खाणीतला कोळसा आणायला इथून एक फाटा काढला आणि गावाचं नाव नकाशावर चढलं. बाकी भाताची खाचरं, ताडाची झाडं आणि उन्हाळ्यात अंगाची काहिली. १९१२ साली या आडगावाला बिशप मिळाला आणि तोही भारतीय. भारतातल्या अँग्लिकन चर्चचा तो पहिला भारतीय बिशप.

हे जरा विचित्रच होतं. बिशप म्हटला की शहर आलं: कलकत्ता, मद्रास, मुंबई. उंच मनोऱ्याचं कॅथेड्रल, शेजारी बंगला, गव्हर्नरकडच्या मेजवानीचं आमंत्रण. अँग्लिकन चर्च हे राज्यकर्त्यांचं चर्च होतं, त्यामुळे बिशपचा मान जवळजवळ सरकारी अधिकाऱ्यासारखा. मग पहिला भारतीय बिशप असा आडरानात का नेमला?

पद तर द्यायचं, पण जिथे ते कुणाला खुपणार नाही अशा ठिकाणी द्यायचं, ही युक्ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. सरकारी खात्यात पाहिली, शिक्षणसंस्थांत पाहिली, सहकारात तर रोजच पाहतो. हे पहिले भारतीय बिशप म्हणजे वेदनायगम सॅम्युएल अझरया. त्यांचं प्रकरण मी त्या दृष्टीने वाचतो. बाकीच्यांना सोयीचा म्हणून त्यांच्या वाट्याला आलेल्या कोपऱ्याचं त्यांनी बत्तीस वर्षांत काय केलं, आणि काय त्यांना जमलं नाही, एवढंच इथे पाहायचं आहे.

(नावाबद्दल एक सांगतो. आपल्या मराठी बायबलमध्ये हेच नाव ‘अजऱ्या’ असं येतं, दानीएलच्या मित्रांपैकी एक. दक्षिणेतला उच्चार धरून मी इथे अझरया लिहितो.)

माणूस

जन्म १७ ऑगस्ट १८७४, तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या वेळ्ळालनविळै या खेड्यात. वडील थॉमस वेदनायगम तिथल्याच मंडळीचे, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती समुदायाचे, पाळक (धर्मगुरू). घराणं नाडार, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ताडावर चढणाऱ्या, रस काढणाऱ्या समाजातलं. एकोणिसाव्या शतकात हा समाज मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाला, शिकला, व्यापारात शिरला आणि दोन-तीन पिढ्यांत कुठल्या कुठे पोचला. खालची जात म्हणून हिणवलं जाणं काय असतं आणि शाळा-चर्चच्या आधाराने त्यातून वर येता येतं, या दोन्ही गोष्टी अझरयांनी घरातच पाहिल्या होत्या. पुढे तेलुगू खेड्यांत ते जे बोलत, ते पुस्तकातून आलेलं नव्हतं.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले, पण पदवी हाती आली नाही. १८९५ पासून वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे सचिव म्हणून दक्षिण भारतभर हिंडले. शेरवूड एडी हा अमेरिकन तरुण तिथेच भेटला आणि जन्माचा मित्र झाला. १८९८ साली लग्न झालं. पत्नी अन्बू मरियम्माळ कॉलेजात शिकलेल्या होत्या. त्या काळच्या दक्षिणेत अशा ख्रिस्ती मुली बोटांवर मोजण्याइतक्या. तमिळमध्ये ‘अन्बू’ म्हणजे प्रेम.

१९०२ साली अझरया सिलोनमध्ये जाफन्याला गेले. तिथले तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या पैशाने दुसऱ्या मुलखात प्रचारक पाठवत होते. तिरुनेलवेलीची मंडळी त्यांच्यापेक्षा मोठी आणि जुनी, पण इंग्लंडहून माणसं नि पैसे येण्याची वाट पाहणारी. हे त्यांच्या मनाला लागलं. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, पाळयंकोट्टैला तिरुनेलवेलीची ‘इंडियन मिशनरी सोसायटी’ उभी राहिली. १९०५ च्या नाताळच्या दिवशी बंगालमधल्या श्रीरामपूरला, विल्यम केरी यांच्या जुन्या ग्रंथालयात, ‘नॅशनल मिशनरी सोसायटी’ स्थापन झाली. तिचं सूत्र सरळ होतं: माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभारही भारतीय. वंगभंगाचं आणि स्वदेशीचं ते वर्ष होतं हे वेगळं सांगायला नको.

तिरुनेलवेलीच्या सोसायटीने कामाला निवडलेला मुलूख म्हणजे निजामाच्या राज्याचा आग्नेय कोपरा. तेव्हा आपला मराठवाडाही त्याच निजामाच्या अमलाखाली होता. तो वायव्येच्या टोकाला, हा दुसऱ्या टोकाला. तिरुनेलवेलीपासून हजार किलोमीटरच्या वर अंतर, भाषा तेलुगू, लोक अनोळखी. तमिळ माणसाला ते परदेशच. १९०९ साली अझरयांनी वायएमसीएची प्रतिष्ठेची नोकरी सोडली, पाळकाची दीक्षा घेतली आणि पस्तिशीच्या उंबरठ्यावर तेलुगू बाराखडी गिरवत डोर्नकलला आले. तेव्हा बिशपपद त्यांच्यापुढे नव्हतं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण इतरांनी नंतर सोयीचा म्हणून दिलेला कोपरा त्यांनी स्वतः आधीच निवडलेला होता.

चहा, खुर्च्या आणि मैत्री

जून १९१०. एडिनबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली होती. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, त्यांत आशियातले वीसदेखील नाहीत. २० जूनच्या संध्याकाळी अझरया बोलायला उभे राहिले. विषय होता परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांचं सहकार्य. अशा विषयावर पाहुण्याने गोड बोलायचं, आभार मानायचे आणि बसायचं, असा रिवाज.

अझरयांनी आभार मानले आणि मग मुद्द्यावर आले. गोरा मिशनरी आणि त्याच्या हाताखालचा भारतीय पाळक यांच्यात मैत्री नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. वर्षानुवर्षं एकत्र काम करूनही एकमेकांच्या घरी जाणं-येणं नाही, जेवण नाही. नातं आहे ते पगार देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं. नुसत्या हस्तांदोलनाचा, खुर्च्यांचा, चहापाण्याचा हा मुद्दा नाही, असंही ते म्हणाले. पण मैत्री असली की या गोष्टी आपोआप होतात, आणि होत नसतील तर ती नाही असं समजावं. भाषणाचा शेवट पुढे फार गाजला. त्याचा आशय असा: तुम्ही गरिबांना खाऊ घालायला आपली मालमत्ता दिलीत, जाळून घ्यायला आपली शरीरं दिलीत, आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या.

सभागृहात चुळबुळ झाली, काही मिशनरी चिडले. त्या वाक्यातलं बायबल सगळ्यांना पाठ होतं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय म्हणतो की सगळी मालमत्ता वाटली, देह जाळायला दिला आणि प्रीती नसली, तर काही लाभ नाही. म्हणजे आभाराच्या सुरात त्यांनी सांगितलं ते असं, की तुमचा एवढा त्याग तुमच्याच शास्त्राप्रमाणे फुकट जाऊ शकतो. मराठीत याला शालजोडीतला म्हणतात.

नेमणूक

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड बरीच वर्षं एका गोष्टीच्या मागे लागलेले होते. हा विद्वान माणूस दक्षिणेतल्या ग्रामदैवतांचा अभ्यासक, खेड्यांत रमणारा. मद्रासचा धर्मप्रांत, म्हणजे त्या बिशपच्या अखत्यारीतला मुलूख, एवढा अफाट होता की एका बिशपने तो सांभाळणं केवळ कागदावर शक्य होतं. तेलुगू मुलखात माला आणि मादिगा या अस्पृश्य मानलेल्या समाजांची माणसं वस्त्याच्या वस्त्या बाप्तिस्मा मागत होती. व्हाइटहेड यांचा आग्रह असा की हा मुलूख तोडून वेगळा धर्मप्रांत करा आणि तिथे भारतीय बिशप द्या.

आक्षेप आले ते अपेक्षितच. भारतीय माणसाच्या हाताखाली गोरे मिशनरी कसे काम करणार? पैशाचे व्यवहार त्याला झेपतील का? स्वतःच्या जातीच्या माणसांकडे कल राहणार नाही ना? हे सगळं अर्थातच ‘भारतीय चर्चच्या हिताच्या’ काळजीपोटी. ‘अजून वेळ आलेली नाही’ हे वाक्य साम्राज्यात कुणी, कुणाला, किती वेळा ऐकवलं याची मोजदाद करायची तर वेगळा लेख लागेल.

मग उत्तर निघालं डोर्नकल. छोटा मुलूख. ब्रिटिश हद्दीबाहेर, निजामाच्या राज्यात. गोऱ्यांची वस्ती नगण्य, त्यामुळे कुठल्या कलेक्टरला किंवा त्याच्या पत्नीला काळ्या बिशपसमोर गुडघे टेकायची वेळ फारशी येणार नाही. शिवाय मंडळी गरीब, निरक्षर, अस्पृश्य. तिथे प्रयोग फसला तरी बोभाटा होणार नाही. नेमणुकीच्या कागदांत हे असं लिहिलेलं असणार नाही, पण एकेक अट जुळवून पाहिली की दुसरा अर्थ निघत नाही, असं माझं मत आहे.

२९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये अझरयांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. वय ३८.

बिशपचं नेमकं काम काय

इथे थोडं थांबून अँग्लिकन व्यवस्था समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. या चर्चमध्ये बाप्तिस्मा साधा पाळक देऊ शकतो. पण दोन गोष्टी फक्त बिशपच्या हातच्या. एक, बाप्तिस्मा घेतलेल्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला दृढ करणं; त्यानंतरच तो प्रभुभोजनात, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाच्या विधीत, भाग घेतो. दुसरी, नव्या पाळकांना दीक्षा देणं. बिशप आला नाही तर गावची माणसं अर्धवट ख्रिस्ती राहतात आणि मंडळीला स्वतःचा पाळक मिळत नाही. मद्रासहून वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारा, दुभाष्यामार्फत बोलणारा बिशप म्हणजे पाईपलाईन मोठी पण तोटी बारीक.

अझरयांनी ही तोटी मोठी केली. ते बहुतेक वेळ दौऱ्यावर असत. रेल्वे असेल तिथवर रेल्वे, मग बैलगाडी, पावसात गाडी रुतली की पायी. रात्री मुक्काम गावकुसाबाहेरच्या वस्तीत, कारण मंडळी तिथेच. दिवसा माणसं मजुरीला गेलेली असत, म्हणून उपासना दिवेलागणीनंतर, कंदिलाच्या उजेडात.

त्यांच्या दौऱ्यातला एक विधी मला विसरता येत नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांना ते उभं करत. प्रत्येकाने आपला हात आपल्याच डोक्यावर ठेवायचा आणि त्यांच्यामागून म्हणायचं: मी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती आहे, मी सुवार्ता सांगितली नाही तर मला हाय हाय! वाक्य संत पौलाचं. पण दृश्य डोळ्यांसमोर आणा. शेतमजूर आहे, दिवसभर चिखलात राबून आलाय. गावात त्याचा स्पर्श बाटवतो, सावलीचा विटाळ होतो. आजवर कुणी त्याच्या डोक्यावर हात ठेवलेला नाही. बिशपही इथे आधी आपला हात ठेवत नाहीत, त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेवायला लावतात आणि त्याला ‘मी’ने सुरू होणारं वाक्य म्हणायला लावतात. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त ऐकून घ्यायचं होतं, त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी टाकतात.

हे नुसतं नाट्य नव्हतं, त्यावर कामाची घडी बसवलेली होती. वर्षातला एक आठवडा साक्ष देण्यासाठी राखून ठेवला जाई. त्या आठवड्यात साध्यासुध्या बाया-माणसांनी शेजारच्या गावांत जाऊन बोलायचं, गायचं, आपलं काय बदललं ते सांगायचं. मजुरी बुडवून हे करायचं होतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

प्रवचनांत ते चार भुतांची नावं घेत: घाण, रोगराई, कर्ज आणि दारू. ताडीच्या मुलखात, ताडावर चढणाऱ्या समाजातून आलेला माणूस ताडी सोडा म्हणत होता. गावशिक्षक हा या सगळ्याचा कणा. दिवसा पोरांना शिकवणारा, रात्री मोठ्यांना, रविवारी उपासना चालवणारा, सावकाराचा कागद वाचून दाखवणारा, तलाठ्याकडचा अर्ज लिहून देणारा. १९३५ च्या सुमाराला असे शिक्षक दोन हजारांच्या वर गेले होते. १९४१ मध्ये धर्मप्रांतातल्या अँग्लिकन ख्रिस्तींची संख्या सव्वादोन लाखांच्या आसपास होती. ढोबळ हिशेबाने शंभर-सव्वाशे माणसांमागे एक शिक्षक पडतो. आजच्या कुठल्याही ग्रामविकास योजनेने हेवा करावा असं हे प्रमाण आहे.

पाळकही याच शिक्षकांतून तयार होत. डोर्नकलच्या पाळक-प्रशिक्षण शाळेत शिक्षण तेलुगूतून. इंग्रजी येत नाही म्हणून कुणाची दीक्षा अडली नाही. विद्यार्थ्यांच्या बायकांनाही शिकवलं जाई, आणि त्यात अन्बू अझरया यांचा हात मोठा. खेड्यातल्या पाळकाची बायको अडाणी राहिली तर वस्तीतल्या बायकांपर्यंत काहीच पोचत नाही, हा साधा हिशेब त्यामागे होता. मिशनच्या कागदपत्रांत बाईंचं नाव बिशपांच्या मानाने फार कमी येतं. ती उणीव कागदपत्रांची आहे.

मूठ

पैशाचं काय? दर महिन्याला इंग्लंडहून येणाऱ्या पैशावर गावशिक्षकाचा पगार होतो तोवर तो मिशनचा नोकर, मंडळीचा माणूस नव्हे. हे अझरयांना एडिनबरोच्याही आधीपासून कळलेलं होतं. पण मंडळीकडे रोख पैसा होताच कुठे? मजुरी धान्यात मिळे, कर्ज सावकाराचं, वर्षातले काही महिने उपासमार.

मग दान धान्यात घेतलं. बाईने स्वयंपाकाला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. आठवड्याने मडकं चर्चमध्ये रितं करायचं. ही दक्षिणेतली जुनी रीत, तिरुनेलवेलीतही होती. अझरयांनी ती शिस्तीने लावून धरली. सुगी झाली की उत्सव भरे आणि वेदीपुढे भाताच्या पेंढ्या, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या येऊन पडत. काही लोकांना हे जत्रेसारखं वाटे. होतंच ते जत्रेसारखं, आणि बिशपांची त्याला हरकत नव्हती.

मडक्यातल्या मुठीने सगळा खर्च भागत होता असं मुळीच नाही. परदेशी पैसा शेवटपर्यंत येत राहिला, दवाखाने नि वसतिगृहं त्यावरच चालली. टीकाकारांनी हे बरोबर दाखवून दिलं आहे. पण ज्या बाईने कधी कुणाला काही ‘दिलं’ नव्हतं, फक्त घेतलं किंवा तिच्याकडून हिसकावलं गेलं, ती आता रोज देणारी झाली. दानावर अझरयांनी एक छोटं पुस्तकही लिहिलं. त्यातला आग्रह असा की गरिबाला दानातून सूट देणं म्हणजे त्याला मंडळीतून अर्धं बाहेर ठेवणं. हे पटायला मला वेळ लागला. पोटाला चिमटा काढून दिलेल्या मुठीचं कौतुक करणं पोटभर जेवलेल्याला सोपं असतं. पण हा आग्रह धरणारा माणूस त्याच खेड्यांत, त्याच रस्त्यांवर होता, म्हणून मी तो मान्य करतो.

कोपरा मोठा होतो

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्र पालटलं. कृष्णा आणि गोदावरी खोऱ्यांतला मोठा तेलुगू मुलूख डोर्नकलला जोडला गेला. हा ब्रिटिश हद्दीतला भाग, जुनी इंग्रज मिशनं असलेला. म्हणजे जे टाळायला डोर्नकल शोधलं होतं तेच झालं: गोरे मिशनरी भारतीय बिशपच्या हाताखाली आले. १९२४ मध्ये धर्मप्रांतात ५३ भारतीय पाळक होते आणि आठ इंग्रज. आभाळ कोसळलं नाही. १९२० साली केंब्रिजने अझरयांना मानद एलएलडी, म्हणजे कायद्याची डॉक्टरेट, दिली. मद्रासच्या कॉलेजातून पदवी न घेता बाहेर पडलेल्या मुलाला. १९२९ पासून ते नॅशनल ख्रिश्चन कौन्सिलचे अध्यक्ष होते.

आणि डोर्नकलला कॅथेड्रल उभं राहत होतं. फार हळू. पैसे संपत, दुष्काळ पडे आणि मग धान्य आधी, दगड नंतर. ६ जानेवारी १९३९ ला, प्रकटीकरणाच्या सणाला, त्याचं समर्पण झालं. कलकत्त्याच्या ज्या कॅथेड्रलमध्ये अझरया बिशप झाले ते गॉथिक, इंग्लंडातून उचलून आणल्यासारखं. इथे खांब देवळाच्या धाटणीचे, वर घुमट आणि मिनार मशिदीच्या वळणाचे, कोरीवकामात कमळं. निजामाच्या राज्यातल्या माणसाने रोज पाहिलेली देवळं आणि मशिदी एकत्र बांधल्या तर जे दिसेल ते. गंमत म्हणजे आत होणारी उपासना मात्र इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाचं तेलुगू भाषांतर. भिंतींच्या बाबतीत धीट आणि शब्दांच्या बाबतीत सनातनी, असा हा बिशप होता.

एका पेल्यातून

न जमलेल्या गोष्टींत पहिली जात.

माला आणि मादिगा यांचं नातं समजायला मराठी वाचकाला लांब जायला नको. आपल्याकडचे महार आणि मांग आठवले की पुरे. दोघेही गावकुसाबाहेर, पण दोघांच्या विहिरी वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, पंगती वेगळ्या. एका गावात आधी माला ख्रिस्ती झाले तर मादिगा दुसऱ्या मिशनकडे जात आणि उलटही होई. अँग्लिकन उपासनेत द्राक्षारसाचा पेला एकच असतो, तो सगळ्यांच्या ओठांना लागतो. खरी परीक्षा तिथे. अझरया या पेल्याबाबत तडजोड करायला तयार नव्हते. चर्चमध्ये जात ठेवून ख्रिस्ती होता येत नाही, हे ते वारंवार सांगत. पेला बऱ्याच ठिकाणी एक झाला. सोयरीक झाली नाही. आजही तेलुगू ख्रिस्ती समाजात लग्न जुळवताना जात विचारतात, आणि धर्मप्रांतांच्या निवडणुकांत माला-मादिगा हे गणित मांडलं जातं.

दुसरी गोष्ट राजकारणाची, आणि इथे बिशपांची कोंडी झाली. ख्रिस्ती समाजाला स्वतंत्र मतदारसंघ नकोत, असं त्यांनी उघडपणे म्हटलं. मंडळी ही साक्ष देण्यासाठी आहे, जागा मिळवायला निघालेला गट नव्हे, ही त्यांची धारणा. या मुद्द्यावर ते गांधीजींच्या बाजूला होते. पण धर्मांतराच्या प्रश्नावर दोघे समोरासमोर आले. १९३३ साली पुण्यातून सुरू झालेल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात गांधीजी दलितांच्या सामूहिक धर्मांतरावर कडक टीका करत, आणि तेलुगू मुलूख हा त्या वादाचा मोठा भाग होता. १९३६ च्या अखेरीस जॉन मॉट या मिशनरी नेत्याशी बोलताना गांधीजींनी विचारलं होतं, तुम्ही गाईला सुवार्ता सांगाल का? काही अस्पृश्यांची समज गाईहूनही कमी आहे, असं पुढे जोडलं. गांधीजींविषयी आदर असणाऱ्यालाही ते वाक्य आज घशात अडकतं. अझरयांकडे त्यावर वादापेक्षा मोठं उत्तर होतं. ज्यांना समज नाही असं म्हटलं जात होतं, ती माणसं त्यांनी तीन दशकं रोज पाहिली होती, डोक्यावर हात ठेवून बोलताना.

तरी गांधीजींच्या टीकेतला एक काटा खरा होता. इंग्लंडात वर्गणी गोळा करण्यासाठी छापल्या जाणाऱ्या पत्रकांत हजारोंचे आकडे फुगून येत. डोर्नकलचं यश लंडनला विकलं जात होतं. स्वावलंबनाचा आग्रह धरणाऱ्या बिशपच्या नावावर.

तिसरी गोष्ट सगळ्यांत बोचणारी. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली. सगळे धर्म कान टवकारून बसले. ख्रिस्ती ऐक्याच्या इतिहासात एक हकिकत नेहमी सांगतात. अझरया आणि आंबेडकर बोलत होते, आणि बाबासाहेबांनी विचारलं: आज आम्ही सगळे अस्पृश्य म्हणून तरी एक आहोत. ख्रिस्ती झालो तर कुठल्या चर्चमध्ये जायचं? या गावात अँग्लिकन, पलीकडे बॅप्टिस्ट, त्याच्या पलीकडे लुथरन. म्हणजे आमचे तुकडेच होणार ना? बिशपांना उत्तर देता आलं नाही. मान खाली घालावी लागली, असं त्यांनी पुढे बोलून दाखवलं.

हा प्रश्न अझरयांना नवा नव्हता, म्हणूनच तो लागला असणार. १९१९ च्या मे महिन्यात तरंगंबाडीला भारतीय पाळक जमले होते आणि अझरया त्यांच्यात पुढे होते. तिथल्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं होतं की हे भेद आम्ही निर्माण केलेले नाहीत, ते बाहेरून आमच्यावर लादले गेले. इंग्लंड-स्कॉटलंडमधली तीनशे वर्षांपूर्वीची भांडणं वरंगळच्या शेतमजुराने का भांडायची? तेव्हापासून वाटाघाटी सुरू होत्या. आणि अडत होतं मुख्यतः एका मुद्द्यावर: बिशप. बाकीच्या चर्चमध्ये बिशप नव्हते, अँग्लिकनांना बिशपशिवाय चर्च मान्य नव्हतं, आणि बिशपने दीक्षा न दिलेल्या पाळकांचं काय करायचं यावर सभांमागून सभा झाल्या. जे पद मिळवायला एवढा झगडा झाला, तेच आता वाटेत आडवं आलं. अझरयांनी पद सोडायचा विचार मांडला नाही. पण नव्या चर्चमधला बिशप साहेबासारखा नसावा, मंडळीने निवडलेला असावा, यासाठी ते भांडले. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर पुस्तकी वाटलं असतं.

येवल्याची घोषणा आणि ही चर्च एक होणं यांच्यात बारा वर्षं गेली. बाबासाहेब तोवर थांबणार नव्हते, आणि त्यांच्या वाटेत इतर कारणंही पुष्कळ होती.

हिशेब

१ जानेवारी १९४५ ला अझरया डोर्नकललाच वारले. सत्तर वर्षांचे होते. १९१२ ते १९४५ या काळात स्वतंत्र धर्मप्रांत सांभाळणारा दुसरा भारतीय बिशप अँग्लिकन चर्चने भारतात कुठेही नेमला नाही. काही साहाय्यक बिशप झाले, तेवढंच. डोर्नकलचा प्रयोग यशस्वी झाल्याचं लंडनपासून सिमल्यापर्यंत सगळे मान्य करत होते, त्याची उदाहरणं भाषणांत देत होते, पण दुसरीकडे तो करून पाहायला कुणी धजावलं नाही. कोपऱ्यात कितीही पिकलं तरी तो कोपराच राहिला.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर १९३५ पासून अझरयांचे साहाय्यक बिशप होते ए. बी. एलियट, एक गोरे मिशनरी. भारतीय बिशपच्या हाताखाली गोरा बिशप, तोही दहा वर्षं, कुरबुरीविना. १९१२ मध्ये ज्या शक्यतेने कपाळावर आठ्या पडल्या होत्या, तिची आता बातमीही होत नव्हती.

२७ सप्टेंबर १९४७ ला, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी, मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ साऊथ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या, बिशपसकट. डोर्नकलचा धर्मप्रांत त्यात सामील झाला. त्याचे बिशप तेव्हा एलियट होते.